छोट्या पेढीची सिस्टिम क्लाउडवर नेताना: काय न्यावं, काय ठेवावं, आधी काय ठरवावं

कृष्णाकाठ

सांगली-मिरज-कुपवाड भागातल्या व्यापारी पेढ्यांची संगणकाची कामं मी बघतो. "आपलं सगळं क्लाउडवर टाकायचं का?" हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक मालक विचारतो. २०१९ च्या ऑगस्टनंतर तो जास्तच येऊ लागला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वेळी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पेठेतल्या कित्येक दुकानांत सर्व्हर टेबलाखाली होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात गेली. २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाडच्या व्यापाऱ्यांवर तीच वेळ आली. खराब झालेला माल विम्यात दाखवता येतो, पण कोणाकडून किती येणं आहे हेच पुसलं गेलं तर दाखवणार काय?

म्हणून हा धागा. सोयीसाठी एक पेढी डोळ्यांपुढे ठेवू: खतं, बियाणं, औषधं विकणारी, मुख्य दुकान सांगलीत, गोदाम कुपवाडला, तासगाव आणि जतला शाखा. हिशेब टॅलीत. बिलिंगचा प्रोग्रॅम गावातल्याच एकाने फार वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेला, डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसमध्ये. ई-मेल पुतण्याच्या नावाच्या फुकट खात्यावर. सोळा कॅमेरे. शाखांची बिलं रात्री पेन ड्राइव्हने किंवा व्हॉट्सॲपवरून मुख्य दुकानात येतात आणि कारकून ती पुन्हा टाइप करतो.

ही पेढी क्लाउड आधीपासून वापरतेच आहे, हे मालकांना सांगितलं की भीती निम्मी होते. अनुदानित खत विकताना आधार घेणारं पॉस यंत्र, जीएसटीचं पोर्टल, ई-इनव्हॉइस, बँकेचं ॲप, या सगळ्यांचे सर्व्हर दुसरीकडेच आहेत. प्रश्न आपल्या स्वतःच्या डेटाचा आहे.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली यंत्रं आपण वापरू तेवढी भाड्याने घेणं. ॲमेझॉनने २००६ साली आधी साठवणुकीची आणि मग सर्व्हरची अशी सेवा सुरू केली. आपल्यासाठी महत्त्वाची वर्षं मात्र नंतरची: मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत आली, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ मध्ये, गुगलचं २०१७ मध्ये. तोवर आपला डेटा सिंगापूरला किंवा अमेरिकेला जायचा. आता तो मुंबई-पुण्यात ठेवता येतो आणि सांगलीतून तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही.

कोणतीही कंपनी, कोणताही प्लॅन बघण्याआधी मी मालकाला दोन गोष्टी लिहून द्यायला लावतो. एक, सिस्टिम बंद पडली तर किती वेळ धंदा रेटू शकाल? दोन, शेवटच्या किती वेळाचं काम पुन्हा टाइप करायची तयारी आहे? खरीप तोंडावर असताना बिलिंग दोन तास बंद पडलं तर दुकानासमोर रांग लागते, टॅली मात्र दोन दिवस नसली तरी चालतं. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण गेलं तर बहुतेक वेळा कोणाला कळतही नाही. ही उत्तरं प्रत्येक कामाला वेगळी असतात आणि खर्च थेट त्यांवरून ठरतो. उत्तरं नसताना घेतलेला प्लॅन विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

या पेढीसाठी क्रम असा ठरला. आधी ई-मेल, स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पेढीच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर. पुतण्या उद्या पुण्याला नोकरीला गेला तर कंपन्यांशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्याच्या खात्यात जाईल, ही गोष्ट मालकांना लगेच पटते. मग बॅकअप: रोज रात्री टॅलीचं डेटा फोल्डर आणि एसक्यूएलची बॅकअप फाइल मुंबईच्या साठवणुकीत. इथवर कामाची पद्धत बदलत नाही, त्यामुळे कोणी कुरकुर करत नाही. मग बिलिंग. कॅमेरे नेलेच नाहीत. सोळा कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर सतत ३२ एमबीपीएस अपलोड लागतो आणि महिन्याला साधारण १० टीबी साठतं. ते दुकानातल्या डीव्हीआरवरच (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरच) बरं, फक्त डीव्हीआर माळ्यावर हलवला.

बिलिंगमध्ये खरी मेहनत आहे. बरेच जण सुचवतात की डेटाबेस क्लाउडवर टाका आणि प्रोग्रॅम दुकानातल्या संगणकावर राहू द्या. जुन्या प्रोग्रॅमचं असं करू नये. हे प्रोग्रॅम एक बिल सेव्ह करताना डेटाबेसला शेकडो लहान लहान प्रश्न विचारतात. दुकानातल्या केबलवर प्रत्येक प्रश्नाला एक मिलिसेकंदही लागत नाही. इंटरनेटवरून जाऊन येऊन २० मिलिसेकंद धरा. ४०० प्रश्न असतील तर एका बिलाला ८ सेकंद. गिऱ्हाईक समोर उभं असताना ८ सेकंद फार मोठे असतात. त्यामुळे प्रोग्रॅम आणि डेटाबेस शेजारी-शेजारीच ठेवायचे, म्हणजे दोन्ही मुंबईच्या एकाच विंडोज सर्व्हरवर, आणि दुकानातून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करायचं. तारेवरून जातं ते फक्त पडद्याचं चित्र आणि कीबोर्ड-माउस. तासगाव आणि जत त्याच सर्व्हरवर येतात, रात्रीची पेन ड्राइव्हची वारी संपते, आणि जतला कोणतं बियाणं किती पोती शिल्लक आहे ते सांगलीत त्याच क्षणी दिसतं. या पेढीला सगळ्यात मोठा फायदा इथे झाला.

यात दोन अडचणी हमखास येतात. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन जणांना एका वेळी शिरता येतं, त्याहून जास्त जण रोज काम करणार असतील तर रिमोट डेस्कटॉपचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. कोटेशनमध्ये ही ओळ आहे का ते बघा. दुसरी अडचण छपाईची. आधीच छापलेल्या स्टेशनरीवर डॉट मॅट्रिक्सने बिल काढणाऱ्यांना रिमोट डेस्कटॉपवरून समास जुळवायला वेळ लागतो. कागद आणि प्रिंटर घेऊन बसायचं आणि बिल चौकटीत बरोबर बसेपर्यंत पुढे जायचं नाही.

तिसरी अडचण खास आपली आहे आणि तिच्यावर कोणी लिहीत नाही. शेतकऱ्यांची आणि गावांची नावं जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठीत असतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या जोरावर ती मराठी दिसतात, आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. सर्व्हर बदलला आणि तो फॉन्ट नसला की खातेवहीभर निरर्थक चिन्हं उमटतात. तोच प्रोग्रॅम तसाच नेत असाल तर फॉन्ट आणि त्याचा परवाना नव्या सर्व्हरवर घातला की काम भागतं. नवं, ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घेणार असाल तर सगळी नावं युनिकोडमध्ये आणावी लागतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, र्‍ह, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागी ती चुकतात. कऱ्हाड, कवठेमहांकाळ, मौजे डिग्रज अशी नावं माणसानेच तपासावी लागतात, आणि तो माणूस पंचक्रोशी ओळखणारा हवा. कारण नाव एका अक्षराने बदललं की एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात आणि उधारी दोन जागी विभागली जाते. या कामाला वेळ धरा, कोटेशनमध्ये ते सहसा धरलेलं नसतं.

केव्हा करायचं? मार्चअखेर नाही, खरिपाच्या तोंडावर नाही, रब्बीच्या विक्रीत नाही. या धंद्याला एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला पंधरवडा मोकळा मिळतो. तेव्हा काही दिवस जुनी आणि नवी सिस्टिम शेजारी-शेजारी चालवली. संध्याकाळी दोन्हींकडची रोकड, येणी आणि मालाची शिल्लक ताडून पाहिली. आकडे सलग जुळू लागल्यावरच जुनी बंद केली. जुना संगणक मात्र पुढचे जीएसटी परतावे भरून होईपर्यंत तसाच ठेवला.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

तपासणीकट्टा

धाग्याबद्दल मनापासून आभार, वाचनखूण साठवली. माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, दोन संकलन केंद्रं. मला एक जण "क्लाउड सर्व्हर" म्हणून महिन्याचं ठरावीक भाडं सांगतो आणि दुसरा म्हणतो ते होस्टिंग आहे, क्लाउड नाही. फरक काय, आणि मला त्या फरकाने काय फरक पडतो?

कृष्णाकाठ

ताई, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणं सांगितली, ती आजही सगळे धरतात. विक्रेत्याला फोन न करता स्वतः सर्व्हर घेता-सोडता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, अनेक गिऱ्हाइकांत यंत्रं वाटलेली असणं, गरजेप्रमाणे पटकन वाढवता-कमी करता येणं, आणि वापराची मोजणी.

शेवटच्या दोन लक्षणांनी खिशाला फरक पडतो. कोविनचं, म्हणजे कोविड लसीकरणाच्या नोंदणी पोर्टलचं, उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०२१ ला १८ वर्षांवरच्यांची नोंदणी खुली झाली आणि एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांनी नोंद केली. एवढे सर्व्हर कायमचे विकत घेऊन कोणी ठेवत नाही. ती व्यवस्था क्लाउडवर होती म्हणून त्या दिवसापुरती वाढवता आली. तुमच्या लॅबला असा लोंढा येत नाही. तुमचं काम रोज साधारण सारखं, त्यामुळे ठरावीक भाड्याचा, म्हणजे होस्टिंगचा, चांगला सर्व्हरसुद्धा तुम्हाला पुरेल. नाव काय दिलंय यापेक्षा बॅकअप वेगळ्या ठिकाणी जातो का आणि तो परत आणून दाखवतात का, ते विचारा. आणि लॅबसाठी स्वतःचा सर्व्हर घेण्यापेक्षा तयार लॅब-सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर घेणं बहुधा बरं. सर्व्हरची देखभाल मग त्यांची. मात्र रुग्णांचा डेटा नीट ठेवण्याची जबाबदारी तेव्हाही तुमचीच राहते.

जमाखर्च

व्यवसायाने सीए. कृष्णाकाठ यांनी कामाची बाजू छान मांडली आहे, कायद्याची मी मांडतो. बरेच मालक "कायदा परवानगी देतो का" इथेच अडतात. परवानगी आहे, अटी आहेत.

पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी लेखा नियम लागू होतात. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. आधी तिथे ठरावीक काळाने असं होतं, ऑगस्ट २०२२ पासून रोज झालं. सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता, ठिकाण, आणि क्लाउडवर असेल तर त्याने दिलेला पत्ता, हे दरवर्षी कंपनी निबंधकाला कळवावं लागतं. सर्व्हर घेताना ही माहिती लेखी मागून ठेवा, विवरणपत्र भरताना धावपळ होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणंही बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. गावातल्या प्रोग्रॅमरने लिहिलेल्या बिलिंगमधून थेट हिशेब होत असेल तर हा मुद्दा तुमच्या लेखापरीक्षकाशी आधी बोला.

मालकी किंवा भागीदारी पेढीला हे कंपनी नियम नाहीत, पण जीएसटीचा आहे. वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपायच्या. सॉफ्टवेअर बदललंत, वर्गणी थांबवली आणि जुनी वर्षं उघडता येईनात, अशी वेळ येऊ देऊ नका. माझ्याकडे नोटीस घेऊन येणाऱ्यांत असे असतात. बिलं असतात, पण ती उघडणारा प्रोग्रॅम नसतो.

बिलाबद्दल: मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या भारतीय शाखा रुपयांत, १८ टक्के जीएसटी लावून बिल देतात. खातं उघडताना आपला जीएसटी क्रमांक (जीएसटीआयएन) भरला नाही तर त्या कराची वजावट हातची जाते. परदेशी कंपनी डॉलरमध्ये बिल करत असेल तर ती सेवेची आयात ठरते आणि कर उलट आकारणीने तुम्हालाच भरावा लागतो.

तपासणीकट्टा, तुमच्यासाठी वेगळी ओळ. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. लहान लॅबला एवढा होईल असं मी म्हणत नाही. पण डेटा दुसऱ्याकडे ठेवला म्हणून उत्तरदायित्व त्याच्याकडे जात नाही, हे मात्र कायद्यात स्पष्ट आहे.

पेठेतला

मला हे पटत नाही. सर्व्हर एकदा घेतला की सहा-सात वर्षं चालतो. क्लाउडचं बिल दर महिन्याला, आणि बंद केलं की हातात काही नाही. मोठमोठ्या कंपन्यासुद्धा परत यायला लागल्यात असं वाचलं. मग आम्ही लहान व्यापाऱ्यांनी उलट्या दिशेला का जायचं?

तिसरी_शिफ्ट

पेठेतला, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, त्यांचं त्या वर्षीचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्याआधी ड्रॉपबॉक्सने बहुतेक फाइली ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर आणल्या आणि दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचवले. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी तरबेज माणसं आहेत, काम मोठं आणि स्थिर आहे. उलट नेटफ्लिक्स बघा. २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस गिऱ्हाइकांना टपालाने डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत (तेव्हा त्यांचा मुख्य धंदा तोच होता), तेव्हा त्यांनी क्लाउडचा रस्ता धरला आणि सगळं हलवायला २०१६ उजाडलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर.

तुमच्या पेढीचा हिशेब असा करा. दुकानातल्या सर्व्हरची किंमत म्हणजे फक्त यंत्राचं बिल नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या, एसी, विंडोजचा परवाना, बिघडला की येणारा माणूस, तो येईपर्यंतचा वेळ. आणि कंपनीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची अपडेट, संपलेली सिस्टिम चालवण्याचा धोका. विंडोज सर्व्हर २०१२ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तरी कितीतरी दुकानांत तो आजही चालू दिसतो.

दुसऱ्या बाजूला क्लाउडचं बिल अर्ध्याखाली आणता येतं. महिन्यात ७३० तास असतात. दुकान रोज १० तास, महिन्याला २६ दिवस उघडं म्हणजे २६० तास. सर्व्हर सकाळी आपोआप चालू आणि रात्रीच्या बॅकअपनंतर बंद होईल असं लावलं तर चालवण्याचे तास साधारण ३६ टक्क्यांवर येतात. साठवणुकीचं भाडं मात्र चोवीस तासांचंच लागतं. आणि पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा घालून तिचा इशारा मोबाइलवर येईल असं करा. विसरून चालू राहिलेल्या चाचणीच्या सर्व्हरमुळे बिलं फुगतात.

राईनकाठ

मी जर्मनीत असतो, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गपासून फार लांब नाही. १० मार्च २०२१ च्या रात्री तिथलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता ते काही दिवसांत उभे राहिले. ज्यांचा त्याच आवारात होता त्यांचं गेलं ते गेलंच. म्हणजे सांगलीतल्या त्या टेबलाच्या खणाची गोष्ट युरोपातसुद्धा तशीच घडली. क्लाउडवर गेलो म्हणून बॅकअप आपोआप वेगळ्या ठिकाणी जात नाही, तो तसा मागावा लागतो.

ठिकाण वेगळं असूनही पुरत नाही, याचंही उदाहरण आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गुगलवरचं खातं, गुगलकडूनच झालेल्या चुकीच्या मांडणीमुळे, दोन्ही ठिकाणच्या प्रतींसकट पुसलं गेलं. सहा लाखांहून जास्त सभासद. सावरताना त्यांना दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीचा मोठा उपयोग झाला. खतांच्या दुकानालाही हे जमण्यासारखं आहे: आठवड्यातून एकदा एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठवणुकीत, किंवा मालकाच्या घरच्या डिस्कवर, जी एरवी कशालाही जोडलेली नसेल.

तिसरी_शिफ्ट

राईनकाठ, "कशालाही जोडलेली नसेल" हे शब्द ठळक करायला हवेत. मी नवी मुंबईत डेटा सेंटरला रात्रपाळी करतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली, तेव्हा आमच्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या वापरकर्त्यांची मूळ नोंद ठेवणारे त्यांचे जगभरातले सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते, म्हणून ते सगळे एकदम गेले. एकच वाचला, घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती.

कृष्णाकाठ यांनी सांगितलेली रिमोट डेस्कटॉपची पद्धत चांगली आहे, पण एक अट घालतो. त्याचं दार, पोर्ट ३३८९, इंटरनेटवर उघडं ठेवू नका. असा सर्व्हर चालू केला की थोड्याच वेळात जगभरातून पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न सुरू होतात, आणि खंडणीखोर व्हायरस आत येण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे. आधी व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांसाठीचा बंद, सांकेतिक मार्ग), मग रिमोट डेस्कटॉप, आणि दोन्हींकडे पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोड. पोर्टचा क्रमांक बदलला म्हणजे झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

त्याहून वरची किल्ली म्हणजे क्लाउडचं मुख्य खातं. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात कोणीतरी शिरलं आणि सर्व्हर, डेटा, बॅकअप सगळं पुसून टाकलं. ती कंपनी त्यातून उठलीच नाही. ते मुख्य खातं मालकाच्या ई-मेलवर आणि मालकाच्या मोबाइलवरच असलं पाहिजे. सर्व्हर लावून देणाऱ्या माणसाला, म्हणजे मलासुद्धा, वेगळं आणि मर्यादित खातं द्या.

जबाबदारी कोणाची यावर नेहमी घोळ होतो. भाड्याच्या गोदामाचं छप्पर गळलं तर ते मालकाने बघायचं, पण कुलूप लावलं की नाही ते भाडेकरूने. इथेही इमारत, वीज, यंत्रं त्यांची, पासवर्ड, अपडेट, कोणाला आत सोडायचं ते आपलं.

अवांतर: कंपनी असाल तर सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं आणि सिस्टिमच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, असा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे.

फोंडेकार

फोंड्याहून. आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. सगळं वाचलं, पण पावसाळ्यात झाड पडून केबल तुटली की दिवसभर नेट नसतं. तेव्हा दुकान बंद ठेवायचं का? याच कारणासाठी आम्ही थांबलो आहोत.

कृष्णाकाठ

थांबायचं कारण रास्त आहे. पहिल्या पोस्टमधले दोन प्रश्न याच्यासाठीच आहेत. नेट गेल्यावर किती वेळ रेटू शकता ते ठरवा. रिमोट डेस्कटॉपला फार वेग लागत नाही, फक्त लाइन स्थिर लागते. म्हणून फायबरची एक लाइन आणि दुसऱ्याच कंपनीचं ४जी-५जीचं राउटर, एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाणारं. दोन्ही फायबर घेतल्यात तर ती बऱ्याचदा एकाच खांबावरून येतात आणि एकाच झाडाखाली तुटतात. राउटरला लहान यूपीएस जोडा, नाहीतर वीज गेली की सर्व्हर मुंबईत चालू आणि आपण अंधारात.

तरीही दोन्ही गेलं तर? हाताने लिहायचं बिलबुक, वेगळ्या क्रमांकमालिकेचं, जीएसटीला चालेल असं छापून ठेवा. आणि रोज सकाळी दरपत्रक व येणीबाकीची यादी पीडीएफमध्ये दुकानातल्या एका संगणकावर आपोआप उतरेल असं लावा. उधारीवर माल द्यायचा की नाही हे त्या यादीवरून ठरतं. पण वर्षातले बरेच दिवस दोन्ही लाइन जात असतील, तर फोंडेकार, बिलिंग दुकानातच ठेवा आणि फक्त बॅकअप बाहेर पाठवा. तोही क्लाउडचा पूर्ण उपयोग आहे, अर्धवट नाही.

पेठेतला

हे पटलं. बिलिंग जागेवर, बॅकअप बाहेर, इथून सुरुवात करतो. पण पहिल्यांदा सगळा डेटा चढवायचा कसा? जुन्या स्कॅन केलेल्या फाइलींसकट ५०० जीबी आहे.

तिसरी_शिफ्ट

अपलोड २० एमबीपीएस असेल तर सलग चाललं तरी ५५ तासांच्या वर. शनिवारी दुकान बंद झाल्यावर लावा आणि दिवसा वेगावर मर्यादा घाला. नंतर रोज फक्त बदललेलं जातं, ते काही मिनिटांचं काम. एसक्यूएलची फाइल चालू डेटाबेसवरून तशीच कॉपी करू नका, ती उघडेल याची खात्री नसते. एसक्यूएलच्या बॅकअप आदेशाने काढलेली फाइलच पाठवा. टॅलीतून सगळे बाहेर पडल्यावर तिचा बॅकअप. आणि साठवणुकीत जुन्या आवृत्त्या काही आठवडे राहतील, पुसताही येणार नाहीत, अशी सोय चालू करा. नाहीतर व्हायरसने बिघडवलेली फाइल रात्री चांगल्या फाइलीवर जाऊन बसते.

जमाखर्च

आणि तिमाहीतून एकदा तो बॅकअप वेगळ्या संगणकावर उतरवून ताळेबंद काढून बघा. माझ्या अशिलांना मी तो कागद तारीख घालून लेखापरीक्षणाच्या फाइलला लावायला सांगतो. हल्ली बँका आणि विमा कंपन्याही असं काहीतरी विचारायला लागल्या आहेत.

तपासणीकट्टा

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. मी वर्गणीवाल्या लॅब-सॉफ्टवेअरकडे वळते आहे. उद्या विक्रेता येतोय. त्याच्याशी करार करण्याआधी नेमकं काय विचारू?

कृष्णाकाठ

डेटा कोणत्या शहरात राहतो आणि बॅकअप कोणत्या. वर्षभरात किती वेळ सेवा चालू राहण्याची लेखी हमी आहे. ९९.५ टक्के ऐकायला भरघोस वाटतं, पण त्यात महिन्याला साडेतीन तासांहून जास्त बंद बसतं, ९९.९ मध्ये पाऊण तासाच्या आत. हमी मोडली तर काय मिळतं: बहुतेक ठिकाणी फक्त बिलात सूट मिळते, झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. तपासणी यंत्रं थेट जोडता येतात का आणि नेट नसताना यंत्रातले निकाल कुठे साठतात, हेही विचारा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सोडून जाण्याच्या अटीवर द्या. करार संपला तर किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात डेटा परत, आणि त्याचे पैसे किती? "एक्सेलमध्ये अहवाल काढता येतात" हे उत्तर पुरेसं नाही. अहवालात रुग्णाच्या जुन्या तपासण्या, सामान्य मर्यादा, डॉक्टरांचा संदर्भ, दुरुस्त केलेले निकाल हे एकमेकांना जोडलेले येत नाहीत. पूर्ण डेटाबेसची प्रत किंवा सगळे तक्ते सीएसव्हीत (कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) हवेत, कोणत्या रकान्यात काय आहे त्याच्या यादीसह, आणि मराठी नावं युनिकोडमध्ये. उद्याच त्याच्याकडून चाचणीच्या खात्यातली अशी नमुना प्रत मागून घ्या आणि तुमच्या स्वतःच्या संगणकावर उघडून बघा. नमुना द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता बघा. नमुना मिळाला तर त्यातले एक-दोन तक्ते रुग्णांची खरी नावं न घालता इथे टाका, पुढचं आपण बघू.